बारा घरांचे एक पोस्टर कसे करावे

एकटेपण आणि पडद्यावरची सोबत हा विषय चित्रात आणायचा म्हटले की खिडकीशी बसलेली पाठमोरी व्यक्ती आणि मोबाइलमधून उडणारे बदाम हमखास सुचतात. ते टाळावेत, त्यांतून विषयाचे नाव कळते, अनुभव कळत नाही. २०२०च्या टाळेबंदीत नातलग व्हिडिओ कॉलवर जमत, तेव्हा प्रत्येकाचा चेहरा वेगळ्या चौकटीत असे आणि सगळे कॅमेऱ्याऐवजी पडद्याकडे पाहत असल्यामुळे कोणाचीच नजर कोणाच्या नजरेला भिडत नसे. चौकट आणि दोन चौकटींमधली फट, एवढ्या साहित्यावर हे पोस्टर उभे राहते.

प्रथम वेगवेगळ्या गावी राहणारे बारा जण जमवावेत आणि मांडणीची जबाबदारी एकानेच घ्यावी. ए३ कागद २९.७ × ४२ सेंमीचा असतो. तो उभा धरून त्यावर ८ सेंमीचे चौकोन तीन स्तंभ व चार ओळींत आखावेत आणि त्यांच्यामध्ये १ सेंमीची फट ठेवावी. दोन्ही बाजूंना १.८५ सेंमीचा समास उरतो. वर २ आणि खाली ५ सेंमी जागा राहते, तिथे शीर्षक बसवावे.

यातला एकेक चौकोन प्रत्येकाने आपापल्या घरी काढायचा आहे. यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. शेजारच्या चौकोनाला लागून असलेल्या प्रत्येक कडेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे कोपऱ्यापासून ४ सेंमीवर, ३ मिमी जाडीची काळी रेषा येऊन थांबली पाहिजे आणि तिचा शेवटचा १ सेंमी भाग कडेला काटकोनात असला पाहिजे. कोपऱ्यातल्या चौकोनांना अशा दोन कडा असतात, आतल्या दोन चौकोनांना चार आणि उरलेल्यांना तीन. म्हणून कोणाला कोणत्या कडा आल्या हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे कळवावे. चौकोनाच्या आत रेषेने कसेही भटकावे, मात्र शेजाऱ्याने काय काढले हे कोणालाही दाखवू नये. पॅरिसमधले अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्न आणि योगायोग यांतून कला घडवणारे कलावंत, १९२०च्या दशकात घडी घातलेल्या कागदावर असाच खेळ खेळत: घडीपलीकडे रेषांची टोके तेवढी दिसत आणि पुढचा माणूस तिथून चित्र वाढवी.

फटीत रेषा जोडण्याचा मोह होईल, पण ती कोरीच ठेवावी. तुटलेल्या रेषा एकाच दिशेने जात असल्या की नजर त्या सलग समजते, हे मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ मध्ये मांडले होते. जोडण्याचे काम पाहणाऱ्याकडे राहिले तरच या पोस्टरला अर्थ आहे.

चौकोनात काय काढावे? चेहरा नको, सर्वांनी ठरवलेल्या एकाच क्षणी घरात जसा उजेड असेल तसा तो एकाच रंगाच्या छटांत उतरवावा. हिवाळ्यात पुण्यात रात्रीचे ८.३० वाजतात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे ३ आणि न्यू जर्सीत सकाळचे १० वाजलेले असतात. हे अंतर घड्याळाचे चित्र न काढताही छटांमधून दिसते.

चित्राचा फोटो दिवसा खिडकीजवळ, फोन कागदाला समांतर धरून, फ्लॅशशिवाय काढावा. व्हॉट्सअॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, कारण फोटो म्हणून पाठवल्यास त्याचा दर्जा घसरतो. ३०० डीपीआयच्या, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांच्या, छपाईसाठी ८ सेंमीला सुमारे ९४५ पिक्सेल लागतात. मांडणी करणाऱ्याने कॅनव्हा किंवा इंकस्केप या संगणकावरच्या मांडणीच्या साधनात चौकोन बसवावेत आणि सर्व काळ्या रेषांना एकच रंग, उदाहरणार्थ लाल, द्यावा. तो रंग ज्याच्या त्याच्यावर सोपवला, तर प्रत्येकाच्या पेनाचा आणि पडद्याचा लाल निराळा निघतो.

एखाद्याचे चित्र आलेच नाही, तर त्याची जागा दुसऱ्याला देऊ नये. शेजाऱ्यांच्या रेषा तिथवर येऊन थांबू द्याव्यात. छापताना मात्र ‘पानाला बसवा’ हा पर्याय बंद करून १०० टक्के आकार निवडावा, नाहीतर चौकोन आणि फट दोन्ही आखल्यापेक्षा लहान होतात.