रिक्वायरमेंट गोळा करताना या चुका टाळा: दूध संकलन केंद्राचं उदाहरण

चेअरमनच्या ऑफिसात बसून "सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवं?" असं विचारायचं, चहा संपेपर्यंत यादी लिहायची आणि लगेच कोडिंगला लागायचं. रिक्वायरमेंट म्हणजे सॉफ्टवेअरच्या गरजा समजून घेणारे नवे विश्लेषक हीच चूक पुन्हा पुन्हा करतात आणि ती निस्तरावी लागते काट्यावर बसलेल्या लिपिकाला.

एका दूध संस्थेत चेअरमननी सांगितलं, "सभासदाची सकाळी एक नोंद, संध्याकाळी एक." सॉफ्टवेअरमध्ये तशीच अट घातली: एका कोडला, म्हणजे सभासदाच्या क्रमांकाला, एका पाळीत एकच नोंद. पहिल्याच सकाळी एक सभासद दोन किटल्या घेऊन आला, एक गाईची, एक म्हशीची. दोन्हींचा फॅट वेगळा, दरपत्रक वेगळं. मागे रांग वाढत होती, म्हणून लिपिकाने म्हशीच्या दुधाला बनावट कोड उघडला. बघता बघता असे कोड वाढत गेले. दहा दिवसांचं बिल निघालं तेव्हा उधारीवर नेलेल्या पशुखाद्याची सगळी कपात मूळ कोडवर पडली आणि म्हशीच्या दुधाचे पैसे बनावट कोडवर राहिले. ज्यांचं गाईचं दूध थोडं, त्यांची बिलं उणे आली.

म्हणून सकाळची एक पूर्ण पाळी, संध्याकाळची एक आणि बिलाचा दिवस काट्याशेजारी उभं राहून बघा. पाळी चालू असताना प्रश्न विचारू नका. वहीत तीन रकाने आखा: पाहिलं, सांगितलं, विचारायचं. कोरे नमुने मागू नका, भरलेलं रजिस्टर मागा. खाडाखोड दिसेल तिथे बोट ठेवून "हे का बदललं?" विचारा. वीज गेली, फॅट मशीन अडलं, दर मधेच बदलला, हे सगळं त्या खाडाखोडीतच सापडतं.

दुसरी चूक म्हणजे मागितलेलं फीचर जसंच्या तसं उतरवून घेणं. सचिव म्हणाले, "एक्सेल फाइल निघाली पाहिजे," तर त्या फाइलचं पुढे काय करणार ते विचारा. संस्था दूध लिटरमध्ये घेते आणि तिच्याकडून पुढे दूध घेणारा संघ ते किलोत मोजतो, तिथली तफावत काढायची असेल, तर लिटरला साधारण १.०३ किलो धरून तयार अहवालच द्या.

"फास्ट हवं" असं लिहू नका. वजन स्थिरावल्यापासून पावती हातात येईपर्यंत किती सेकंद चालतील ते लिहा.

दुसऱ्या संस्थेचं डॉक्युमेंट नाव बदलून वापरू नका. कपातीचे नियम संस्थेगणिक बदलतात.

पहिल्या बैठकीत स्क्रीन दाखवायची घाई नको. चर्चा बटणांच्या रंगावर जाते आणि कपातीचे नियम राहून जातात. स्क्रीन आधी कागदावर काढा, चेअरमनच्या आधी लिपिकाला दाखवा आणि कालच्या पाळीतल्या दहा नोंदी त्याच्याकडूनच त्यावर भरून घ्या.