विकत घेतलेली गाणी हातची जाऊ देऊ नका : या चुका टाळा

ॲपमध्ये ‘डाउनलोड’ दाबलं म्हणजे गाणं आपल्याकडे आलं, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी चालू राहायला ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेट जोडावं लागतं आणि वर्गणी थांबली की ती वाजत नाहीत. रेसो आणि विंक ही दोन्ही ॲप २०२४ मध्ये भारतात बंद झाली. तेव्हा वर्गणी हे भाडं समजूनच भरा. सवाई गंधर्व महोत्सवात ऐकलेल्या गायकाचा एखादा राग कायमचा हवा असेल, तर सीडी किंवा कुलूप (नक्कल आणि वापर अडवणारी तांत्रिक सोय, डीआरएम) नसलेली फाइल घ्या.

आयट्यून्सची जुनी खरेदी

ॲपलने २००९ मध्ये आयट्यून्स या आपल्या दुकानातल्या गाण्यांवरचं कुलूप काढलं, पण आधी घेतलेल्या फाइली आपोआप सुटल्या नाहीत. फाइलच्या नावाचा शेवट बघा : एम४ए असेल तर खुली, एम४पी असेल तर फेअरप्ले हे ॲपलचं कुलूप. अशी फाइल हार्डडिस्कवर उतरवून निर्धास्त होणं ही पुढची चूक, कारण ती वाजवायला त्याच ॲपल खात्याचा परवाना लागतो. तो ईमेल पत्ता आणि पासवर्ड आजच तपासा.

परवाना एका वेळी ५ कॉम्प्युटरना मिळतो. जुना लॅपटॉप विकण्याआधी किंवा फॉरमॅट करण्याआधी आयट्यून्सच्या ‘अकाउंट’ मेन्यूत ‘ऑथोरायझेशन्स’मध्ये जाऊन तो काढून घ्या. राहून गेलं तर सगळ्या कॉम्प्युटरचा परवाना एकदम काढणारं ‘डीऑथोराइज ऑल’ आहे, पण वर्षातून एकदाच.

परवाना चालतोय तोवरच गाणी ऑडिओ सीडीवर उतरवून ठेवा. एक प्लेलिस्ट ७ वेळा लिहिता येते. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो. यूएसबीवर चालणारा पुण्यात बुधवार पेठेत विचारा. इथे बहुतेक जण ‘डेटा सीडी’ निवडतात आणि कुलपासकट तीच फाइल नुसती चिकटवतात. निवडायची ती ‘ऑडिओ सीडी’. ती परत कॉम्प्युटरवर घेताना एमपी३ करू नका : १२८ केबीपीएसची आधीच दाबलेली फाइल दुसऱ्यांदा दाबली जाते आणि तानपुऱ्याची जवारी आधी बिघडते. फ्लॅक किंवा ॲपल लॉसलेस, म्हणजे दर्जा न घटवणारा प्रकार घ्या. गेलेला दर्जा त्यानेही परत येत नाही, आणखी जात नाही इतकंच.

अमेरिकेहून आलेल्या २००५ च्या सीडी

सोनी बीएमजी या रेकॉर्ड कंपनीच्या काही सीडींमध्ये नक्कल अडवणारं एक्ससीपी नावाचं सॉफ्टवेअर होतं. सीडी विंडोजमध्ये घालून अटी मान्य केल्या की ते न सांगता स्वतःला लपवून बसायचं. बोभाटा झाल्यावर कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. घरी असली सीडी निघाली तर आधी ऑटोप्ले (सीडी घालताच ती आपोआप चालू होणं) बंद करा आणि मगच ती घाला. जुन्या विंडोज एक्सपी मशीनवर ते शिरलेलं असेल तर फाइली हाताने पुसू नका : रजिस्ट्री या विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या नोंदी मागे उरतात आणि सीडी ड्राइव्हच दिसेनासा होतो.

कायद्याबद्दलचे दोन गैरसमज

‘पैसे भरलेत, काहीही करीन’ हे चूक. ‘कुलपाला हात लावला की तुरुंग’ हेही चूक. कॉपीराइट कायद्याचं कलम ६५ए २०१२ च्या दुरुस्तीने आलं. हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. कायद्याने मनाई न केलेल्या कामाला मात्र ते कलम आड येत नाही, आणि खासगी वापरासाठीचा वाजवी उपयोग कलम ५२ मध्ये मान्य आहे. तीच फाइल सोसायटीच्या ग्रुपवर टाकली की ही सवलत सांगता येणार नाही. दुकानदाराकडून कुलूप काढून घेत असाल, तर तुमचं नाव, पत्ता आणि कारण यांची नोंद ठेवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. विचारलंच नाही तर दुकान बदला. सेवेच्या अटी मोडल्या म्हणून कंपनी खातं बंद करू शकते, तो धोका वेगळा.

तक्रार करताना

पैसे घेऊन कंपनीने गाणी काढून घेतली तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथे, म्हणजे पुणेकरांना पुण्यात, तक्रार करता येते. मुदत २ वर्षं. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. लोक अडतात ते पुराव्यावर. सेवा बंद झाल्यावर पान उघडत नाही, म्हणून ‘खरेदी करा’ हे बटण, त्या दिवशीच्या अटी आणि बिल यांचे स्क्रीनशॉट पैसे भरतानाच तारखेसकट काढून ठेवा.