गाठीचं ऑपरेशन ठरलंय? आधी या चुका टाळा

‘सुई लागली की कॅन्सर चवताळतो, हवा लागली की पसरतो.’ जत, आटपाडी, तासगावकडून मिरजेला येणाऱ्या कितीतरी घरांत हे पक्कं बसलंय. त्यापायी बायका छातीतली गाठ वर्षभर अंगावर काढतात. हवेने कॅन्सर पसरत नाही, आणि स्तनाच्या गाठीतून सुईने तुकडा घेतल्यानेही सहसा पसरत नाही. अंगावर काढलेली गाठ मात्र थांबत नाही. काखेत, हाडांत, फुप्फुसात जाते.

भीतीत तथ्य आहे ते एवढंच की चुकीच्या क्रमाने चाकू चालवला तर पेशी सांडतात. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काढलेली गाठ शेवटी आमच्याकडे येते आणि क्रम कुठे चुकला ते तिथे दिसतं.

आधी काढली, मग तपासली

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘चरबीचीच आहे’ म्हणत मांडीतली खोल गाठ काढली जाते आणि रिपोर्टात सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या भागांचा कॅन्सर, निघतो. तोवर पेशी जखमभर पसरलेल्या असतात. दुसऱ्या ऑपरेशनला आधीची अख्खी जखम, ड्रेनच्या नळीच्या वाटेसकट, काढावी लागते. गाठ स्नायूत खोल असेल, वाढत असेल किंवा ५ सेंटिमीटरहून मोठी असेल तर आधी एमआरआय, मग सुईची बायोप्सी (तपासायला तुकडा घेणं), मग ऑपरेशन. बायोप्सी कुठून घ्यायची ते मुख्य ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवावं, कारण सुईची वाटही गाठीबरोबर काढायची असते. हातापायावर छेद उभा हवा. आडवा घेतला तर नंतर बराच जास्त भाग जातो. अमेरिकेत हेन्री मॅनकिन यांनी १९८२ साली हाडांच्या आणि स्नायूंसारख्या मऊ भागातल्या गाठींच्या ३२९ रुग्णांच्या बायोप्सींचा आढावा मांडला. त्यात ४.५ टक्के रुग्णांचा हात किंवा पाय बायोप्सी चुकल्यामुळे विनाकारण कापावा लागला होता.

मुलाचा गुडघा सुजून राहिला असेल तर हाडातली गाठ असू शकते; हाडवैद्याकडे चोळून घेऊ नका. आधी एक्स-रे काढा.

‘दुर्बिणीतूनच करा’ हा हट्ट

टाके कमी, घरी लवकर. हट्ट समजण्यासारखा आहे. आतड्याच्या कॅन्सरला दुर्बीण चालतेही. पण मोठी गाठ लहान छेदातून काढायची तर तिचे तुकडे करावे लागतात. फायब्रॉइडचे, म्हणजे गर्भाशयातल्या साध्या गाठीचे, पोटातच यंत्राने तुकडे करण्याविरुद्ध अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये इशारा दिला: फायब्रॉइड समजून ऑपरेशन होणाऱ्या साधारण ३५० बायकांत एकीला लपलेला सार्कोमा असतो आणि तुकड्यांबरोबर तो पोटभर पसरू शकतो. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरबद्दल २०१८ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या स्त्रिया दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के, पोट उघडून केलेल्या गटात ९६.५ टक्के होत्या. माझ्या घरातल्या बाईसाठी मी तरी मोठा छेदच मागेन.

अंडाशयाची संशयास्पद गाठ सुईने रिकामी करू नये; ती कॅन्सरची असली तर ऑपरेशनमध्ये फुटली तरी ‘१-ए’ स्टेजची ‘१-सी’, म्हणजे वरची स्टेज, होते. वृषणातल्या गाठीला सुई लावत नाहीत, ती जांघेतून अख्खी काढतात. पित्ताशय पिशवीत घालून बाहेर काढावं आणि साध्या खड्यांसाठी काढलं असलं तरी तपासायला पाठवावं.

बरणी

गाठीची बरणी नातेवाइकांच्या हाती देऊन ‘लॅबला पोचवा’ सांगितलं जातं. आमच्याकडे सलाइनच्या बाटलीत कोंबलेली, घरच्यांना दाखवायला मधोमध चिरलेली गाठ येते. मग कड कुठली ते कळत नाही. आणि कॅन्सर कडेपर्यंत पोचला होता का, हेच तर आम्ही सांगायचं असतं. गाठ अख्खी हवी, दिशा दाखवणारे दोरे बांधलेली, रुंद तोंडाच्या बरणीत, तिच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (गाठ सडू न देणाऱ्या द्रावणात) बुडालेली. आणि त्याच दिवशी.

सर्जनना विचारण्यासारखं आणखी एक आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी जवळपास १,६०० स्त्रियांत स्तनाचं ऑपरेशन सुरू करण्याच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचून पाहिलं. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले: पाच वर्षांनी हयात असलेल्या स्त्रिया इंजेक्शनच्या गटात ९०.१ टक्के, दुसऱ्या गटात ८६.४ टक्के. भूल देण्याचं हे स्वस्त औषध तालुक्याच्या दवाखान्यातही असतं.

गाठ आधीच काढून झाली असेल तर

घाबरून घरी बसू नका. रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, जुने स्कॅन आणि लॅबमधले ब्लॉक (गाठीचे तुकडे बसवलेले ठोकळे) व स्लाइड मागून घ्या आणि कॅन्सर सर्जनना दाखवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी योजनेच्या दवाखान्यात मदतीला असलेल्या आरोग्यमित्राला भेटा. ब्लॉक मेणाचे असतात, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.