लहान मुलांना पुस्तक महोत्सवाला नेताना

स्वतःसाठी पुस्तकं घ्यायची असतील तर मोठ्यांनी वेगळा दिवस काढावा, हे माझं ठाम मत आहे. मुलांना घेऊन जायचं ठरलं की तो दिवस पूर्ण त्यांचा. माझा थोरला सात वर्षांचा, धाकटी अडीचची. आम्ही दार उघडल्या उघडल्या आत शिरतो आणि गर्दी वाढायच्या आत बाहेर पडतो. दीड-दोन तास पुष्कळ होतात.

मुलांसाठीचा एकच कार्यक्रम आधी ठरवून ठेवा. गोष्टवाचन असो की बाहुल्यांचा खेळ, पण एकच. दोन लागोपाठ घेतले की पुस्तकं बघायची राहूनच जातात. बाबागाडी गर्दीत अडकते, म्हणून तान्ह्यांना अंगाशी बांधून घ्यावं. निघताना मुलांचा फोटो काढा, म्हणजे चुकामूक झालीच तर अंगावरचे कपडे सांगत बसावं लागत नाही. मनगटावर पेनाने आपला फोन नंबर लिहा. ‘आई-बाबा दिसले नाहीत तर जिथे आहेस तिथेच थांब आणि गळ्यात ओळखपत्र असलेल्या माणसाला सांग’, हे घरीच दोनदा म्हणून घ्या.

आता मुख्य गोष्ट, निवड. प्रत्येक मुलाने एक पुस्तक सर्वस्वी स्वतःच्या पसंतीने घ्यायचं, त्यावर आपण नाक मुरडायचं नाही. दुसरं हवं तर आपल्या पसंतीचं. चित्रपुस्तकं बरेचदा ३२ पानांची असतात, कारण छापलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या ८ किंवा १६ पानांच्या पडतात. एवढं पुस्तक दहा मिनिटांत वाचून होतं. स्टॉलवाल्यांना विचारा, कडेला खाली बसा आणि वाचून दाखवा. संपल्यावर मूल “परत वाच” म्हणालं तर घ्या. एकदा ऐकून पुढच्या स्टॉलकडे पळालं, तर ते पुस्तक घरीही कपाटातच राहणार.

थोरला प्रत्येक पुस्तक आधी मागून उघडतो. गोष्ट गोगलगाईची असेल तर शेवटच्या पानावर ती कुठे पोचली ते नीट बघून घेतो, मगच पहिल्या पानाकडे वळतो. मी त्याला घाई करत नाही. शेवट माहीत असूनही त्याला सुरुवात वाचावीशी वाटते, म्हणजे चित्रांनी त्याला धरून ठेवलंय.

मूल स्वतः वाचू लागलं असेल तर मधलंच एखादं पान मोठ्याने वाचायला सांगा. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचं. पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक त्याच्यासाठी अजून जड आहे. आवडलंच असेल तर घ्या, पण ते आपण वाचून दाखवायचं.

तीन वर्षांच्या आतल्यांसाठी जाड पुठ्ठ्याची पुस्तकं घ्यावीत. कोपरे गोल आहेत ना, उघडझाप करायच्या खिडक्या पक्क्या चिकटवल्यात ना, हे हात फिरवून बघा. आवाज काढणाऱ्या पुस्तकात बटणासारखा सेल असतो. तो गिळला गेला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. त्यामुळे सेलचं झाकण स्क्रूने बंद असलेलंच पुस्तक घ्या. शंका आली तर सरळ परत ठेवा.

लेखकाची सही घ्यायची असेल तर मुलाचं नाव चिठ्ठीवर नीट लिहून न्या. रांगेत असतानाच त्याला एक प्रश्न सुचवायला सांगा, आणि तो त्यालाच विचारू द्या. तो अडखळला तरी मध्ये बोलू नका, लेखक थांबतात.

बाहेर पडताना आणखी चार पुस्तकांचा हट्ट होईल. त्यांच्या मागच्या मुखपृष्ठाचे फोटो काढून ठेवा. तिथे तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, छापलेला असतो, त्यावरून नेमकी तीच आवृत्ती वाचनालयात मागता येते.