बोअरचं पाणी आणि हायड्रोपोनिक्स: या चुका टाळा

बेळगावातून खानापूरकडे निघालं की माती तांबडी होत जाते आणि पाऊस वाढत जातो. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीपर्यंत गेलात तर विहिरीच्या पाण्यात डाळ चटकन शिजते. उलट चिकोडी, रायबाग, अथणीकडे वळलात की रान काळं होतं, पाऊस कमी होतो आणि बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. उसाच्या पट्ट्यात काही ठिकाणी पाणी मचूळच लागतं, कन्नड बोलणारे शेजारी त्याला ‘सवळु’ म्हणतात. एकाच जिल्ह्यातली ही पाणी. पण हायड्रोपोनिक्सचं, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर पीक घ्यायचं, किट विकणारा सगळीकडे खताचे तेच दोन कॅन देतो आणि तोच तक्ता देतो.

मातीत पीक घेताना पाण्याचे बरेचसे दोष माती पोटात घालते. पाइपात वाढणाऱ्या रोपाला तो आधार नसतो. पाण्यात जे आहे ते थेट मुळाशी जातं. म्हणून पाइप, पंप, बियाणं यांच्या आधी पाणी तपासायला हवं. आपल्या सीमाभागातली तरुण मुलं कर्ज काढून या शेतीत उतरतात आणि पहिल्याच तोड्यात खचतात, ते बघवत नाही. त्यातल्या बहुतेकांचं घोडं पाण्यापाशीच अडलेलं असतं.

मीटरवरचा आकडा म्हणजे खत नव्हे

सांबऱ्याच्या पुढे काळ्या रानात आमची छोटी शेड आहे. पहिल्या वर्षी लेट्यूस लावलं. पुस्तकात लेट्यूसला ईसी (पाण्याची विद्युत वाहकता, मिलिसीमेन्समध्ये) १.२ ते १.८ ठेवा असं असतं, मी १.४ वर ठेवला. रोज सकाळी मीटर बुडवायचा, १.४ दिसला की समाधान. तिसऱ्या आठवड्यात रोपं फिकी पडली, पानं वाढेनात. विक्रेत्याला फोन केला, तो म्हणाला, “आकडा बरोबर आहे, ऊन कमी पडत असेल.”

ऊन भरपूर होतं. कमी होतं ते खत. आमच्या बोअरच्या नुसत्या पाण्याचाच ईसी ०.९ होता, हे मी मोजलंच नव्हतं. म्हणजे १.४ मधला जेमतेम ०.५ एवढाच भाग मी घातलेल्या खताचा. बाकीचं पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, थोडं मीठ. ईसी मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांची बेरीज दाखवतो, त्यात नत्र किती आणि सोडियम किती हे त्याला कळत नाही.

त्यामुळे खत घालण्याआधी नुसत्या पाण्याचा ईसी वहीत लिहा. ०.५ च्या आत असेल तर निश्चिंत राहा. ०.५ ते १ च्या दरम्यान असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. १ च्या वर असेल तर ते पाणी एकट्यानं वापरायचं नाही, त्यात पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळावं लागणार हे आधीच धरून चाला.

क्षार मोजायचं दुसरं एकक पीपीएम, त्याचा घोळही इथंच मिटवून टाकू. काही मीटर ईसी १ ला ५०० पीपीएम दाखवतात, काही ७००. कोल्हापूरचा मित्र फोनवर सांगतो “८४० ठेव”, त्याच्या मीटरवर तो ईसी १.२ असतो आणि तुमच्या मीटरवर जवळजवळ १.७. बोलताना, लिहिताना ईसीच वापरा, पीपीएम सोडून द्या.

पीएच उतरवला, सकाळी परत चढला

मला सगळ्यात जास्त फोन येतात ते याच तक्रारीचे. गेल्या उन्हाळ्यात चिकोडीकडच्या एका मुलाचा आला होता.

“दादा, काल रात्री पीएच ६ वर आणला. सकाळी बघतोय तर ७.४. मीटर बिघडलाय काय?”

“मीटर ठीक आहे रे. पाण्याचा बायकार्बोनेट किती आहे?”

“ते कुणी सांगितलंच नाही की.”

पीएच आणि बायकार्बोनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हायड्रोपोनिक्समध्ये दुसरी जास्त महत्त्वाची. पीएच म्हणजे पाणी आत्ता किती आम्ल आहे. बायकार्बोनेट म्हणजे ते आम्लाला किती वेळ दाद देणार नाही. दोन विहिरींचा पीएच ७.५ च असला तरी एकीला चमचाभर आम्ल पुरेल आणि दुसरी पेलाभर आम्ल पिऊन पुन्हा वर चढेल. प्रयोगशाळेच्या कागदावर हे ‘अल्कलिनिटी’ या नावाखाली, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिहिलेलं असतं. लिटरला ४० ते ८० मिलिग्रॅम असेल तर सोन्याहून पिवळं. १५० च्या पुढे गेलं की रोजची झटापट सुरू होते. आमच्या बोअरला २५० आहे.

हे घरी बघायचं असेल तर एक बादली पुरते. १० लिटर बोअरचं पाणी घ्या. ८५ टक्क्यांचं फॉस्फरिक आम्ल एक भाग घेऊन नऊ भाग पाण्यात मिसळा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही, आणि हातमोजे व चष्मा घातल्याशिवाय बाटलीचं झाकणही उघडायचं नाही. हे पातळ आम्ल सिरिंजनं दोन-दोन मिली बादलीत सोडा, काठीनं ढवळा, थांबा, पीएच बघा. जड पाणी असेल तर बादलीच्या कडेला बारीक बुडबुडे धरतात, सोड्याच्या बाटलीसारखे. तो बायकार्बोनेटमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. ६ वर पोहोचलात की किती मिली गेलं ते लिहा आणि बादली रात्रभर तशीच ठेवा. सकाळी पीएच वर गेलेला दिसेल, परत थोडं आम्ल घाला. आमच्या पाण्याला एकूण २७ मिलीच्या आसपास लागलं. ज्या पाण्याला पाच-सहा मिलीत काम भागतं, त्याच्या मालकानं देवाचे आभार मानावेत.

मत्स्यालयाच्या दुकानात केएच टेस्ट किट मिळतं, तेही चालतं. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे लिटरला साधारण १८ मिलिग्रॅम अल्कलिनिटी. रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे, इतकंच.

आता खरी चूक. बायकार्बोनेट जास्त आहे हे कळल्यावर लोक फॉस्फरिक आम्ल ओतत सुटतात. आमच्या पाण्यासाठी १००० लिटरच्या टाकीला ते (८५ टक्क्यांचं, पातळ न केलेलं) सुमारे २७० मिली लागतं आणि त्यातून लिटरला १२० मिलिग्रॅमच्या वर स्फुरद जातं. पिकाला हवं असतं ३० ते ६०. खतातलं स्फुरद वेगळंच. जादा स्फुरदामुळे लोह आणि जस्त अडतं, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात, मग माणूस लोहाची पुडी आणायला धावतो. एवढ्याच कामाला नायट्रिक आम्ल वापरलं तर लिटरला ५५ मिलिग्रॅमच्या आसपास नत्र मिळतं, ते पिकाला उपयोगी पडतं आणि तेवढं खतातून कमी करता येतं. पण नायट्रिक फार घातक आहे, घरात लहान मुलं असतील तर मी ते आणा असं म्हणणार नाही.

माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात चांगला उपाय डोक्यावरच आहे. पावसाच्या पाण्यात बायकार्बोनेट जवळपास नसतो. आमच्यासारखं २५० चं बोअर एक भाग आणि पावसाचं पाणी तीन भाग घेतलं तर अल्कलिनिटी ६०-६५ वर येते, आम्लाचा प्रश्नच उरत नाही. १०० चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होतं. २० मिलिमीटरचा एक दिवस धरला आणि गळती-सांडवण सोडून दिली तरी दीड हजार लिटर हाताशी येतं. बेळगावच्या पावसात असे दिवस थोडे नसतात. मंगलोरी कौलांचं घर असेल तर फारच छान. जस्ताचा जुना पत्रा असेल तर त्या पाण्यात जस्त उतरतं, ते एकदा तपासून घ्या. पहिले दोन-तीन पाऊस छप्पर धुण्यासाठी सोडून द्या. साठवण काळ्या टाकीत, झाकण लावून.

सॉफ्टनरचं पाणी चुकूनही नको

बोअरचं पाणी जड म्हणून बऱ्याच घरांत आता सॉफ्टनर बसवलेला असतो. भांड्यांवर पांढरे डाग पडत नाहीत, गीझर टिकतो, म्हणून हेच पाणी रोपांना बरं असं वाटतं. हा यंत्राचा दोष नाही, त्याचं कामच वेगळं आहे. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्या बदल्यात सोडियम सोडतो, म्हणून तर त्यात मीठ भरावं लागतं. बायकार्बोनेट जिथल्या तिथं राहतो. रोपाला हवं ते गेलं आणि नको ते आलं. सोडियम लिटरला ५० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचा असतो, जड पाण्याला सॉफ्टनर लावला की तो सहज १०० च्या पुढे जातो. पानांच्या कडा करपायला लागल्या की आधी विचारा, नळ सॉफ्टनरच्या आधीचा आहे की नंतरचा.

आरओचं पाणी चालतं, पण ते कोरं असतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगळं द्यावं लागतं, आणि बायकार्बोनेट अजिबात नसल्यानं आम्लाचे दोन थेंब जास्त पडले तरी पीएच ४ वर येऊन आदळतो. त्यात थोडं बोअरचं पाणी मिसळलं की ते स्थिरावतं.

शहरात राकसकोपचं किंवा हिडकलचं नळाचं पाणी मिळत असेल तर ते बहुधा बोअरपेक्षा हलकं असतं. त्यात क्लोरिन असतो, म्हणून उघड्या पिंपात एक दिवस ठेवून, अधूनमधून ढवळून मग वापरा. नवीन बांधलेल्या सिमेंटच्या हौदातलं पाणी मात्र पहिले काही महिने नको, त्यात चुना उतरत राहतो.

मीटरची हेळसांड

पीएच मीटरचं टोक कोरडं ठेवायचं नाही आणि आरओच्या पाण्यातही बुडवून ठेवायचं नाही. त्याला पोटॅशियम क्लोराइडचं साठवण द्रावण लागतं. आठवड्यातून एकदा पीएच ७ आणि ४ च्या बफरमध्ये (पीएच पक्का ठरलेल्या द्रावणात) जुळवून घ्या. बफर एकदा कपात ओतलं की परत बाटलीत टाकू नका. काचेवर पांढरी पुटं दिसली तर पातळ व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं ठेवून धुवा, मग साठवण द्रावणात ठेवून पुन्हा जुळवा. ईसी मीटर जुळवायला १४१३ मायक्रोसीमेन्सचं (म्हणजे ईसी १.४१३ चं) द्रावण मिळतं.

प्रयोगशाळेला कुठलं पाणी दिलंत?

नमुना घेण्यातच निम्म्या चुका होतात. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पाणी, कोल्ड्रिंकची न धुतलेली बाटली, दोन दिवस गाडीच्या डिकीत. असा अहवाल कितीही शिक्क्यांचा असला तरी तो तुमच्या पाण्याचा नव्हे. बोअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडा न ठेवता बूच लावा आणि त्याच दिवशी पोचवा. जमिनीतून नुकत्याच आलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तो उडाला की पीएच चढतो. आमच्याच पाण्याचा पीएच पंपाच्या तोंडाशी ७.२ आणि उघड्या बादलीत दुसऱ्या दिवशी ८.१ दिसतो. टाकीच्या तळाला बसणारी पांढरी साय त्याच कारणानं.

कृषी विज्ञान केंद्रात किंवा रयत संपर्क केंद्रात चौकशी केलीत तर जवळची प्रयोगशाळा कळते. ‘पिण्यासाठी’ असं नव्हे तर ‘सिंचनासाठी’ असं सांगून तपासणी मागा, आणि ईसी, पीएच, अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, बोरॉन, लोह एवढं यादीत आहे का ते बघा. अहवाल कन्नडमध्ये आला तर अडू नका, आकडे आणि एकक सगळीकडे तेच असतात. मे महिन्यात एकदा आणि पाऊस ओसरल्यावर एकदा तपासा, एकाच बोअरच्या या दोन नमुन्यांत बराच फरक निघू शकतो.

एप्रिल-मे, आणि टाकीत वाढत जाणारं मीठ

बेळगावची हवा थंड, ही समजूत शेडच्या पत्र्याखाली कामाची नाही. २० अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला ७.५ च्या आसपास. पाणी २५ च्या वर गेलं की मुळं कुजवणारी पिथियम बुरशी जोर धरते. पांढरं मूळ तपकिरी झालं, बोटांनी ओढलं की वरची साल निसटून आत दोऱ्यासारखा गाभा उरला, आणि कुबट वास आला, तर पीएचशी खेळत बसू नका, पाण्याचं तापमान बघा. टाकी जमिनीत पुरा किंवा ओलं गोणपाट गुंडाळा, एअर पंप रात्रीही चालू ठेवा. वीज जाण्याची वेळ ठाऊक असेल तर बॅटरीवरचा छोटा पंप घ्या, तो पैसा वाया जात नाही.

उन्हाळ्यात रोप पाणी जास्त पितं आणि खत कमी खातं. टाकीची पातळी उतरते, ईसी चढतो. अशा वेळी रोज खताचं द्रावण ओतलं तर क्षार साठतच जातात. ईसी चढत असेल तर नुसतं पाणी, उतरत असेल तर खत, हे पक्कं धरा. तरीही बोअरचं सोडियम-क्लोराइड रोप फारसं उचलत नाही, ते मागे राहून हळूहळू आकड्यातली जागा बळकावतं, आणि मीटर १.४ च दाखवत राहतो. म्हणून दोन आठवड्यांनी टाकी पूर्ण रिकामी करायची. नव्यानं भरताना दोन्ही कॅनमधलं खत एकमेकांत थेट मिसळायचं नाही. आधी एक पूर्ण पाण्यात विरघळू द्या, मग दुसरं, नाहीतर कॅल्शियम आणि सल्फेट एकत्र येऊन जिप्सम तळाला बसतं.

काढलेलं पाणी विहिरीच्या काठाला सोडू नका. आमच्याकडे ते नारळाला जातं, एका झाडाला लागोपाठ दोनदा न देता पुढच्याला, आणि जोराचा पाऊस असेल त्या दिवशी टाकी उपसायचीच नाही.