एलएलसीचे मॉस्फेट पुन्हा पुन्हा उडतात? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत काय, मच्छेत काय, पॉवर सप्लाय बदलून एलएलसीचे (इंडक्टर-कपॅसिटरच्या रेझोनन्सवर चालणारे) आले, दुरुस्तीची रीत बदलली नाही. मॉस्फेट (वेगानं चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) जळाला, नवा टाकला, चालू केला. परत उडाला की खापर मालावर.

सगळ्यात महाग चूक रेझोनन्स कपॅसिटरची, म्हणजे इंडक्टरबरोबर रेझोनन्सची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्याची. एका कारखान्याचा बॅटरी चार्जर माझ्याकडे आला तो "मामा, मॉस्फेट डुप्लिकेट येऊलालेत" या तक्रारीसकट. टेबलावर बिनलोड झकास चालायचा. कारखान्यात शेजारच्या फाउंड्रीची भट्टी लागून व्होल्टेज पडलं की फट्! उघडला तर ३३ नॅनोफॅरडच्या जागी २२ चा. का? तर "तोच मिळाला." इंडक्टर १०० मायक्रोहेन्रीचा, म्हणजे रेझोनन्स सुमारे ८८ किलोहर्ट्झवरून १०७ वर चढला, आणि किमान फ्रिक्वेन्सी ठरवणारा रेझिस्टर जुन्याच हिशेबाचा.

व्होल्टेज पडलं की आउटपुट सांभाळायला कंट्रोलर फ्रिक्वेन्सी उतरवतो. गेन (इनपुटच्या मानानं आउटपुट) ज्या फ्रिक्वेन्सीला सगळ्यात जास्त, त्या शिखराखाली उतरला की टँक (इंडक्टर-कपॅसिटरचं सर्किट) कपॅसिटिव्ह होतो, म्हणजे करंट व्होल्टेजच्या पुढे धावतो, आणि मॉस्फेट बंद व्हायच्या आधीच करंट उलटतो. मग तो वाहतो मॉस्फेटच्या आतल्याच बॉडी डायोडमधून, आणि नेमका तेव्हाच जोडीतला समोरचा मॉस्फेट चालू होतो. डायोड सावरेपर्यंत डीसी बस (मॉस्फेटना मिळणारा मुख्य डीसी पुरवठा) दोघांमधून जवळजवळ शॉर्ट. वर आउटपुट कमी दिसतं म्हणून कंट्रोलर अजून खाली जातो, तिथे गेन आणखी घटतो.

मी मूळ किमतीचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर बसवला आणि डीसी बसचा सुकलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बदलला, कारण बस लवकर कोसळायला तोच मदत करत होता. किमान फ्रिक्वेन्सी नेहमी पूर्ण लोड आणि सगळ्यात कमी बस व्होल्टेज धरून शिखराच्या वर ठेवायची. एल६६९९ सारख्या कंट्रोलर आयसीत कपॅसिटिव्ह मोडपासून संरक्षण असतं. तरी मी स्कोपवर ट्रान्सफॉर्मरचा प्रायमरी करंट बघतोच: मॉस्फेट बंद होताना तो उलटलेला नको.

"मोठा मॉस्फेट टाकूया" हा पोरांचा आवडता शॉर्टकट. मोठ्याची आउटपुट कपॅसिटन्स सहसा जास्त, डेड टाइम (एक बंद होऊन दुसरा चालू होईपर्यंतचा वेळ) तेवढाच. नोडचं (दोन मॉस्फेटच्या सांध्याचं) व्होल्टेज पूर्ण वळायच्या आत दुसरा चालू होतो, झीरो व्होल्टेज स्विचिंग (स्वतःवर व्होल्टेज नसताना चालू होणं) जातं आणि हीटसिंक तापतो. फास्ट डायोडचा मॉस्फेट टाकलात तर मरण थोडं लांबतं, इतकंच.

सॉफ्ट स्टार्टचा कपॅसिटर छोटा करू नका. सुरुवातीला रेझोनन्स कपॅसिटर रिकामा असतो, तेव्हा वरच्या फ्रिक्वेन्सीवरून सावकाशच उतरायचं. दोन सेकंद थांबायला काय जातं?

चाचणीला मेन्सच्या वाटेत सिरीज बल्ब लावा, पण बिनलोडच. बल्ब ठेवून लोड दिलात तर बस तुम्हीच पाडता आणि कपॅसिटिव्ह मोड हातानं आणता.

आणि हाफ ब्रिजच्या (या दोन मॉस्फेटच्या जोडीच्या) नोडवर साध्या प्रोबची ग्राउंड क्लिप कधीच नाही. डिफरन्शियल प्रोब नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून मागून आणा.