लांबच्या नातवंडांबरोबर अभ्यास कसा करावा: चादरीच्या कारखान्यातल्या आबांची रीत

सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मी ३४ वर्षं नक्षीचं काम केलं. चौकटीच्या कागदावर नक्षी उतरवायची, तिच्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची, कार्डं पाडायची आणि माग सुरू झाला की नक्षी नीट उठते का ते बघायचं. पाळ्यांच्या धावपळीत माझ्या पोरांचा अभ्यास मी कधी घेतला नाही, सगळा त्यांच्या आईनं घेतला. ती रुखरुख अजून आहे. आता नातू पुण्यात सहावीत आहे आणि नात जर्मनीत, श्टुटगार्टला तिसरीत. दोघांबरोबर मी फोनवर बसतो. त्यातून जे हाती लागलं ते इथं लिहितोय.

आधी वार आणि वेळ ठरवा, आणि ती सुनेला किंवा लेकीला विचारून ठरवा. मुलांचं खाणं, खेळ, शिकवण्या त्यांनाच ठाऊक. नातवासाठी माझे मंगळवार-शुक्रवार, नातीसाठी रविवार. वीस मिनिटं पुरतात. परदेशात नातवंडं असतील तर घड्याळाकडे लक्ष ठेवा. उन्हाळ्यात जर्मनी आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचे काटे एक तास मागे जातात, मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे येतात. तिच्या संध्याकाळच्या पाचाला मी फोन करतो, म्हणजे इथले उन्हाळ्यात साडेआठ, हिवाळ्यात साडेनऊ. पहिल्या वर्षी मला हे माहीत नव्हतं. तीन रविवार पोर फोनवर आलीच नाही, आणि मला वाटलं कंटाळली.

फोन लागल्यावर ‘अभ्यास झाला का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ येतं आणि बोलणं तिथंच थांबतं. ‘आज कुठं अडलं?’ विचारा. नाहीतर सरळ म्हणा, ‘हे मला येत नाही, समजावून सांग.’ नातवाच्या विज्ञानातलं बरंचसं मला खरंच येत नाही. तो समजावताना मध्येच थांबतो, पुस्तक उघडतो, ‘थांबा आबा, बघून सांगतो’ म्हणतो. तेवढ्यात त्याचा धडा पक्का होतो. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात, म्हणून त्याचं पुस्तक माझ्याही फोनमध्ये आहे. दोघांसमोर एकच पान असलं की ‘वरून तिसरी ओळ’ एवढं सांगून भागतं.

कागद दाखवायचा असेल तर दोन उंच डबे शेजारी ठेवा, त्यांच्यावर फोन आडवा टाका, मागचा कॅमेरा दोन्ही डब्यांच्या मधून खाली कागदाकडे. उजेड बाजूनं येऊ द्या. बाकी फोनचं फार शिकावं लागत नाही.

आता माझ्या कामातलं सांगतो. जॅकार्डच्या मागावर पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरते. कार्डात भोक असेल तिथला ताण्याचा उभा धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खाली राहतो. मग बाण्याचा आडवा धागा मधून जातो. पुढचं कार्ड, पुढचा धागा. नातवाला शाळेत कॉम्प्युटरचं शून्य आणि एक शिकवलं होतं, पण त्याच्या डोक्यात ते बसत नव्हतं. मी म्हटलं, चौकटीची वही घे आणि मी सांगतो तसं रंगव. पहिली ओळ: तीन सोड, एक भर, तीन सोड. दुसरी: दोन सोड, तीन भर, दोन सोड. तिसरी: एक, पाच, एक. चौथी: सातही भर. मग तसंच उलटं येत सातवी ओळ पहिलीसारखी. त्यानं वही कॅमेऱ्यासमोर धरली तेव्हा तिच्यात शंकरपाळा होता. मी मागच्या महिन्यात पाठवलेल्या चादरीच्या काठावर तोच. ‘म्हणजे भोक एक आणि बिनभोक शून्य!’ हे तो म्हणाला, मी नाही.

तेवढ्यावर सोडू नका. मी विचारलं, किती चौकटी भरल्यास? पंचवीस. वरच्या चार ओळींत किती? १, ३, ५, ७ मिळून १६. खालच्या तीन ओळींत ९. सोळा म्हणजे चार चोक, नऊ म्हणजे तीन त्रिक. एकापासून विषम संख्या ओळीनं मिळवत गेलं की वर्ग तयार होतो हे मी त्याला सांगितलं नाही. दोन दिवसांनी त्यानंच फोन केला. त्याचा वार नसताना.

तुम्ही कारखान्यात नसाल, पण भाकरी थापली असेल, शिवणकाम केलं असेल, दुकानाची वही लिहिली असेल. शेंगाची चटणी करताना दाणे, लसूण, तिखटाचं प्रमाण धरावं लागतं, ते गणितच आहे. तुमच्या हाताला जे येतं तिथून सुरू करा. पुस्तकातलं शिकवायला शाळा आहे.

नात दुसरीत होती तेव्हा सून म्हणाली, ‘आबा, बाई चोवीस सांगतात आणि ही ४२ लिहिते.’ जर्मनमध्ये चोवीसला फिअर-उंड-त्स्वांत्सिश म्हणतात, म्हणजे चार आणि वीस. मी ऐकलं आणि म्हटलं, अगं, हे तर आपलंच! चोवीस, पंचवीस, सव्वीस, आपणही एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. कारखान्यात माझे निम्मे सोबती तेलुगू बोलणारे होते, काही कन्नड. तेलुगूत चोवीस म्हणजे इरवै नालुगु, कन्नडमध्ये इप्पत्तनाल्कु. दोन्हींत वीस आधी, चार नंतर. शेजारच्या तेलुगू काकूंना मी फोनवर बोलावलं, त्यांनी तिला वीस ते तीस मोजून दाखवलं. मग मी मराठीत, मग ती जर्मनमध्ये. एकोणतीसला ती अडखळली, कारण जर्मनमध्ये नऊ आणि वीस, आपल्याकडे मात्र तिसाला एक कमी. पुढचे चार रविवार आम्ही हेच खेळलो. मी आकडा बोलायचा, तिनं लिहायचा, मग तिनं बोलायचा, मी लिहायचा. बेचाळीस लिहिणं बंद झालं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस चार’ असंही वाचन आलं तेव्हा आपल्याकडे मोठा वाद झाला. मीही रागावलो होतो. आता वाटतं, लहान पोराला दोन्ही येऊ द्यावं, चोवीस तर आलंच पाहिजे.

एक चूक मी केली, ती तुम्ही करू नका. नातीनं मला मराठीत पत्र लिहिलं, पहिलंच. मी फोनवर तिला ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचून दाखवल्या. पुढचे सहा महिने तिनं मराठीत एक ओळ लिहिली नाही. आता तिचं पत्र आलं की मी उत्तर लिहितो, आणि तिनं चुकवलेले शब्द माझ्या उत्तरात मुद्दाम येतील असं बघतो. ती बघून बघून सुधारते. पत्र टपालानंच पाठवा, वर तारीख घाला, एखादं चित्र काढा. अक्षर मोठं आणि सुटं ठेवा.

गावाचं तिला काय सांगावं असा प्रश्न मला पडत नाही. तिच्या वर्गात ‘माझ्या घरच्या गावातला माणूस’ असा विषय होता. मी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात गेलो आणि तिथून तिला फोन लावला. १९१० साली सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि तिकडंच १९४२ मध्ये वारला. तिनं मला एवढंच विचारलं, ‘त्यांच्या आईला पत्रं जायची का?’ मी घरी येऊन तिला त्यावर दोन पानी पत्र लिहिलं.

मागच्या ऑक्टोबरात मी आणि नातीनं ज्वारी पेरली. सोलापूरची ज्वारी रब्बीची, परतीच्या पावसाच्या ओलीवर पेरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. उन्हाळ्यात नातीकडचे सगळे इथं आले होते तेव्हा मी तिला दाण्यांची पुडी दिली होती. एकाच रविवारी मी इथं कुंडीत दहा दाणे टाकले, तिनं पाच घरातल्या पेल्यात आणि पाच बाल्कनीत. रोज वहीत लिहायचं: तारीख, थंडी किती, किती उगवले. माझे चौथ्या दिवशी वर आले. तिचे घरातले सातव्या दिवशी. बाल्कनीतले आलेच नाहीत. ती हिरमुसली. मी विचारलं, का आले नसतील? वही बघून म्हणाली, ‘आबा, बाहेर थंडी आहे.’ आणि लगेच, ‘मग इथले शेतकरी आता काय पेरतात?’

मला माहीत नव्हतं. तिनं बाईंना विचारलं. गहू, आणि तो थंडीतच पेरतात. या ऑक्टोबरात ती बाल्कनीत गहू लावणार आहे. मीही लावणार आहे, आपल्याकडच्या वेळेला, नोव्हेंबरात. वहीचे रकाने तिनं आत्ताच आखून फोटो पाठवलाय, माझ्या नावाचा एक रकाना रिकामा ठेवून.